पुसलेल्या पानांचा मेळ

व्यापारी घराण्यात रोजमेळाला जो मान असतो, तो क्वचितच दुसऱ्या कागदाला मिळतो. दिवाळीला नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर जमा-नावेच्या रेघा आखल्या जातात, आणि मग वर्षभर त्या चोपडीत एक शिस्त पाळली जाते. चुकीची नोंद खरवडून काढायची नाही. तिच्याखाली उलट नोंद करायची व ती फिरवायची. यामुळे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या वहीतील एखादी फिरवलेली नोंद पाहून त्या दिवशी पेढीवर कोणता गोंधळ झाला असेल, हे जाणता मुनीम आजही सांगू शकतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र घरोघरी आणखी एक रोजमेळ लिहिला जाऊ लागला आहे. तो कोणी मुनीम लिहीत नाही आणि संध्याकाळी त्याचा मेळही कोणी घालीत नाही. संगणकावर किंवा मोबाइलवर ब्राउझर उघडून मनुष्य जे जे पान पाहतो, त्या प्रत्येकाचा पत्ता, मथळा, तारीख व वेळ यांची नोंद यंत्र मुकाट्याने करीत असते. यालाच ब्राउझिंग हिस्टरी म्हणतात. बहुतेकांना ती अडगळ वाटते. काहींना तिची लाज वाटते. तिचा उपयोग होऊ शकतो, हे ती नाहीशी झाल्यावरच लक्षात येते.

अशा नोंदीची कल्पना जालाच्या जन्माआधीची आहे. अमेरिकन अभियंते व्हॅनेवर बुश यांनी 1945 च्या जुलै महिन्यात ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते. मेजाएवढे यंत्र, त्यात सूक्ष्मफितींवर साठवलेली पुस्तके व पत्रे, आणि वाचक एका कागदावरून दुसऱ्यावर कसा गेला त्या वाटेची कायमची नोंद. बुश यांना पानांपेक्षा ती वाट अधिक मोलाची वाटत होती. पाने पुन्हा कोठेही मिळतात. अमुक मनुष्य अमुक दिवशी या पानावरून त्या पानावर गेला, हे मात्र दुसरीकडे कोठेच लिहिलेले नसते. सांगलीच्या एका अडत पेढीवर गेल्या हिवाळ्यात नेमकी हीच उणीव निर्माण झाली.

पेढी हळदीची, मार्केट यार्डातील, तीन पिढ्यांची. पेढीचे वडीलधारे मालक, ज्यांना सारे यार्ड ‘अण्णा’ म्हणून ओळखी, चार वर्षांपूर्वी गादीवरून उठले व कारभार थोरल्या मुलाच्या हाती देऊन घरी बसले. उठताना त्यांनी सांगितले होते, “आता भाव बघायचा नाही मी. तुझा सौदा, तुझा निर्णय.” आणि त्यांनी तो शब्द इतका काटेकोर पाळला की पेढीचा विषय घरात निघाला तरी ते उठून अंगणात जात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, झोपेतच त्यांचे देहावसान झाले. आजार नव्हता, निरवानिरव नव्हती. आदल्या संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला होता, तो तेथेच राहिला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईंनी बँकेच्या खात्याचा उतारा आणवला. खाते दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती या पद्धतीचे, त्यामुळे अडचण आली नाही. उताऱ्यात तीन नोंदींवर मुलाचे बोट थांबले. 9 सप्टेंबर, 14 ऑक्टोबर आणि 18 नोव्हेंबर या तीन तारखांना अण्णांनी ऑनलाइन रकमा भरल्या होत्या. पहिली मोठी, दुसरी मध्यम, तिसरी किरकोळ. समोरचे नाव मात्र तिन्ही ठिकाणी पेमेंट गेटवेचे, म्हणजे पैसे पोहोचविणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे. बँकेच्या काउंटरवर आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे नवे नाही. उताऱ्यातील वर्णनाच्या रकान्यात अक्षरांना जागा थोडी, आणि त्या जागेत मध्यस्थाचे नाव व एक लांबलचक क्रमांक एवढेच मावते. रक्कम कळते, दिवस कळतो, पैसा कोणाकडे गेला ते कळत नाही.

ई-मेलच्या टपालात शोधले. पावत्या नव्हत्या, कारण ऑनलाइन अर्ज भरताना अण्णा एका जुन्या, कधीच न उघडलेल्या खात्याचा पत्ता देत असत. मोबाइलमधले संदेश पाहावेत, तर मोबाइल आता आईंच्या हाती होता आणि तो त्यांच्या हाती देण्यापूर्वी पुतण्याने प्रेमाने ‘स्वच्छ’ केला होता. जुने संदेश पुसले, फोटो वेगळे काढले, आणि ब्राउझरमध्ये जाऊन सर्व काळाचा इतिहास एका स्पर्शात काढून टाकला. काकूंना नवा कोरा फोन मिळावा, एवढीच त्या पोराची भावना होती.

मुलाला त्यातही धीर होता. अण्णा पेढीवरच्या संगणकावरही कधीमधी बसत. त्या संगणकावर त्यांचेच खाते, त्यांचाच क्रोम ब्राउझर, आणि सिंक चालू. फोनवरून पुसले तरी तेथे असणारच, असा त्याचा हिशेब. तेथे जाऊन पाहिले तर पानच्या पान रिकामे. पुतण्याने घरी बसून फोनवर बोट ठेवले होते आणि यार्डातल्या संगणकावरची नोंद गेली होती.

सिंक या सोयीविषयी जो सार्वत्रिक गैरसमज आहे, त्याचे मूळ येथे आहे. लोकांना वाटते, सिंक म्हणजे नक्कल. मूळ कागद हरवला तरी दुसरी प्रत सुरक्षित. प्रत्यक्षात सिंक कोअर बँकिंगसारखे चालते. पूर्वी प्रत्येक शाखेचे स्वतःचे खातेपुस्तक असे. सांगलीच्या शाखेत शाई सांडली म्हणून मिरजेचे पुस्तक काळे होत नसे. कोअर बँकिंग आल्यावर पुस्तक एकच झाले आणि शाखा त्याच्या खिडक्या झाल्या. एका खिडकीतून केलेली नोंद त्याच क्षणी सर्व खिडक्यांतून दिसते. सिंकमध्ये पुसणे हीदेखील एक नोंदच असते, आणि ती इतर नोंदींइतक्याच तत्परतेने सर्व उपकरणांवर पोहोचवली जाते. क्रोमच्या बाबतीत हे गूगलने आपल्या मदतपानांवर स्पष्ट लिहिले आहे. सिंक चालू असताना एका उपकरणावर इतिहास पुसला, तर तो त्या खात्याच्या इतर उपकरणांवरूनही पुसला जातो. व्यवस्थेने आपले काम चोख केले होते.

फायरफॉक्स या ब्राउझरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मोझिला संस्थेने 2007 च्या डिसेंबरात ‘वीव्ह’ नावाने या सोयीचा प्रयोग सुरू केला, आणि 2011 साली ती फायरफॉक्समध्येच अंतर्भूत झाली. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, असे मोझिला सांगत आली आहे. तेथे आणखी एक गाठ आहे. वापरणाऱ्याची माहिती त्याच्याच पासवर्डापासून तयार झालेल्या किल्लीने कुलूपबंद करून सर्व्हरवर ठेवली जाते, आणि ती किल्ली मोझिलाकडेही नसते. पासवर्ड विसरला, तो नव्याने घेतला, आणि पुनर्प्राप्तीची किल्ली आधी काढून ठेवलेली नसली, तर सर्व्हरवरची जुनी माहिती कोणालाच उघडता येत नाही, म्हणून ती पुसली जाते. लॉकरची दुसरी किल्ली बँकेकडे असते, या सवयीत वाढलेल्या पिढीला हे पचायला जड जाते. गोपनीयतेच्या दृष्टीने मात्र तीच व्यवस्था योग्य, हेही मान्य करावे लागते.

मुलाने तरीही सर्व दारे ठोठावली. अण्णांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर खात्याचा पासवर्ड लिहिलेला होता. (गूगलने 2013 पासून यासाठी रीतसर सोय केलेली आहे. खाते तीन ते अठरा महिने वापरात नसेल तर आधी नेमून दिलेल्या विश्वासू व्यक्तींना, जास्तीत जास्त दहा जणांना, ठरावीक माहिती सोपवता येते. नामनिर्देशनाचाच हा प्रकार. पण हयातीत तो भरून ठेवणारे थोडे. आणि डिसेंबर 2023 पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढूनही टाकू शकते.) आईंच्या संमतीने, त्यांच्या समोर बसून खाते उघडले. ‘टेकआउट’ या सोयीतून खात्यातील क्रोमचा इतिहास उतरवून घेतला. काही तासांनी फाईल आली. तिच्यात होते ते फोन साफ केल्यानंतरचे: आईंनी पाहिलेल्या मेथीच्या लाडवांच्या दोन कृती, आणि एक गुडघेदुखीचा व्यायाम.

गूगलच्याच ‘माय ॲक्टिव्हिटी’ या पानावर वेगळी नोंद असू शकते. ब्राउझरमधून पुसलेले तेथे आपोआप पुसले जातेच असे नाही, म्हणून पुष्कळांना हरवलेला माग तेथे मिळतो. अण्णांच्या खात्यात ती सोय बंद होती. जावयांनीच दोन वर्षांपूर्वी गोपनीयतेच्या काळजीने ती बंद करून दिली होती. पेढीच्या संगणकात विंडोजची जुनी प्रत परत आणण्याची व्यवस्था असते का, पाहिले. ती आधी चालू केलेली असेल तरच कामाची, आणि ती नव्हती. गावातल्या संगणकवाल्याने फाइली परत मिळवणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवून पाहिले. सकाळी 2016 च्या एका लग्नातले चाळीस फोटो परत आले.

अखेर पुण्याला जावयांना फोन लागला. ते सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. सारे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दादा, अण्णांचा लॅपटॉप कुठं आहे?”

“कपाटात. त्यांनी ठेवला तसाच आहे. चार्जिंगला लावतो आणि उघडून बघतो, दाजी.”

“उघडू नका. आधी घरातला वायफाय बंद करा. आणि वायफाय बंद केल्यावरसुद्धा ब्राउझर उघडू नका.”

या दोन सूचनांमागे दोन स्वतंत्र कारणे होती. लॅपटॉप जाळ्याला जोडला गेला असता, तर पुसल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली असती आणि तोही आज्ञाधारकपणे रिकामा झाला असता. नोव्हेंबरपासून तो बंद होता, म्हणूनच ती बातमी त्याला ठाऊक नव्हती. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. क्रोम आपल्या वहीत साधारण नव्वद दिवसांचीच नोंद ठेवतो आणि त्याहून जुनी स्वतःहून काढून टाकतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मिटलेल्या लॅपटॉपमध्ये ऑगस्टच्या अखेरीपर्यंतचा माग शाबूत होता. तोच ब्राउझर जानेवारीच्या अखेरीस उघडला असता, तर त्याने आजची तारीख पाहून मागचे नव्वद दिवस मोजले असते, आणि सप्टेंबर व ऑक्टोबरच्या दोन्ही तारखा जाळे नसतानाही गळून पडल्या असत्या.

सांगलीकरांना हे समजावून सांगण्यास एक चांगला दाखला आहे. शेजारच्या हरिपुरात जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत आहे. तोंड लिंपून बंद केले की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर घाईने कोणी आत उतरत नाही. आधी हवा जाऊ देतात. आणि पेवाचा खरा शत्रू पाणी. 2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरून तेथील कित्येक पेवांतली हळद गेली. अण्णांचा मिटलेला लॅपटॉप हे असेच एक लिंपलेले पेव होते, आणि जाळ्याची जोडणी हे त्याच्या बाबतीत पुराचे पाणी.

रविवारी जावई स्वतः आले. घरातला वायफाय बंद होता. त्यांनी लॅपटॉप चालू केला, ब्राउझरला हात न लावता त्याच्या माहितीच्या फोल्डरमधून एक फाईल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि लॅपटॉप पुन्हा बंद केला. फाईलचे नाव नुसते ‘हिस्टरी’, पुढे कोणतेही शेपूट नाही. दुहेरी टिचकी मारून ती उघडत नाही. पण आतून ती एक साधी सारणी असते. ‘एसक्यूलाइट’ नावाच्या, सर्वत्र विनामूल्य मिळणाऱ्या पद्धतीची. एका तक्त्यात पानांचे पत्ते व मथळे, दुसऱ्यात भेटींच्या वेळा. म्हणजे एक खतावणी आणि एक रोजमेळ.

फाईल वाचायला बसण्यापूर्वी आईंनी एक अट घातली. ज्या तीन तारखांचा हिशेब लागत नाही, तेवढ्याच तारखा पाहायच्या. बाकीचे दिवस उघडायचे नाहीत. मुलाला ही अट प्रथम अनाठायी वाटली. आणखी काही ठेवी, काही गुंतवणूक असेल तर ती कशी कळायची, असे त्याने विचारले. त्यासाठी रीतसर वाटा आहेत. बँकांमधील दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, आणि त्या शोधण्यासाठी ‘उद्गम’ हे पोर्टल 2023 पासून आहे. म्युच्युअल फंडांच्या विसरलेल्या फोलिओंसाठी ‘मित्रा’ ही व्यवस्था 2025 पासून. एखाद्या माणसाची तीन महिन्यांची सारी वाट त्याच्या पश्चात चाळणे ही गोष्ट वेगळी. हयातीत कोणी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलेले अण्णांना खपले नसते. आईंनी अट घातली ती योग्यच होती, असे म्हटले पाहिजे.

जावयांनी चाळणी लावली. तीनच तारखा. पहिल्याच फेरीत एक विचित्र गोष्ट समोर आली. या फाईलमध्ये वेळ साध्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली नसते. 1 जानेवारी 1601 या दिवसापासून किती मायक्रोसेकंद लोटले, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांत, असा तो सतरा अंकी आकडा असतो. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही एकोणतीस वर्षे आधीपासून मोजदाद चालू आहे, असे म्हणता येईल. जावयांनी आकड्यांचे तारखांत रूपांतर केले, आणि तिन्ही दिवशी पहिली भेट रात्री बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी दिसू लागली.

आई गप्प झाल्या. अण्णा साडेनऊला दिवा मालवीत. निदान त्यांना तसे वाटत होते. मध्यरात्री उठून, लॅपटॉप उघडून हा मनुष्य काय करीत होता? झोप येत नव्हती, की काही दुखत होते, की कसली चिंता होती? आणि ते त्यांनी पत्नीला का सांगितले नाही? जवळजवळ पाच मिनिटे त्या खोलीत कोणी बोलले नाही. मुलाने तर मनात डॉक्टरांचे नावही काढले होते.

मग जावयांनी कपाळावर हात मारला. ही वेळ भारताची नव्हतीच. यंत्र जागतिक प्रमाणवेळेने लिहिते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. बारा-दहाचे पाच-चाळीस झाले. पहाटेचे पाच-चाळीस, म्हणजे अण्णांची रोजची उठण्याची वेळ. आई उठून आत गेल्या व चहा ठेवला. साडेपाच तासांच्या एका बेरजेने एवढे ओझे उतरावे, हे आकड्यांशी जन्मभर संबंध आलेल्यांनाही नवल वाटण्यासारखे आहे.

आता मेळ घालणे सोपे होते. एका बाजूला बँकेचा उतारा, दुसऱ्या बाजूला पानांची यादी, तारखेला तारीख. 9 सप्टेंबरला सकाळी अकराच्या सुमारास एका विमा कंपनीच्या हप्त्याचे पान, आणि चार मिनिटांनी भरणा यशस्वी झाल्याचे पान. अण्णांनी बारा वर्षांपूर्वी एका एजंटाकरवी घेतलेली पॉलिसी. एजंट पुढे गाव सोडून गेला आणि कागद त्याच्याकडेच राहिले असावेत. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू, आणि घरात कोणालाही तिचा पत्ता नाही. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागेल. मुलाने त्या पानावर अण्णांच्या नावाने प्रवेश करण्याचा प्रयत्न केला नाही. पुष्कळ घरांत मृताच्या मोबाइलवर ओटीपी मागवून व्यवहार उरकले जातात, आणि पुढे वारसांतच त्यावरून तंटे होतात. ब्राउझरच्या इतिहासाने पत्ता मिळतो, अधिकार मिळत नाही. आईंनी मृत्यूचा दाखला व नॉमिनीचा अर्ज घेऊन कंपनीच्या सांगलीतील कार्यालयात दावा दाखल केला.

14 ऑक्टोबरची नोंद एका नर्सिंग महाविद्यालयाची निघाली. शुल्काचे पान, विद्यार्थ्याच्या क्रमांकाचे पान, पावतीचे पान. घरात नर्सिंग शिकणारे कोणी नव्हते. पुतणीही नाही, भाचीही नाही. मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला आणि मग त्याला आठवले, दिवाणजींची धाकटी मुलगी गेल्या वर्षी मिरजेला कुठेसे शिकायला गेली होती.

दिवाणजी एकतीस वर्षे पेढीवर आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी, सौदे आटोपल्यावर, मुलाने त्यांना आत बोलावले.

“दिवाणजी, मुलीची फी अण्णा भरत होते का?”

दिवाणजींनी हातातली वही बाजूला ठेवली. “त्यांनी शब्द घेतला होता, मालक. घरात बोलायचं नाही म्हणाले. पोरीलासुद्धा वाटतं मीच भरतोय.”

“पुढचा हप्ता कधी आहे?”

“फेब्रुवारीत. मी पतसंस्थेत अर्ज टाकलाय. तुम्ही नका मनावर घेऊ.”

अर्ज मंजूर होण्यास जामीनदार लागत होते, आणि पेढीवरच्याच दोन हमालांनी सही करण्याचे कबूल केले होते. हे सारे दोन महिने यार्डात चालू होते आणि गादीवर बसणाऱ्याच्या कानावर आले नव्हते. मुलाने घरी येऊन आईंना सांगितले व हप्ता पेढीतून भरण्याची तयारी दाखवली. आई म्हणाल्या, “ते पेढीचं नव्हतं.” आणि फेब्रुवारीचा हप्ता त्यांनी आपल्या खात्यातून भरला. पावतीवर नाव दिवाणजींचेच राहिले.

त्या तीन दिवसांच्या चाळणीतून आणखी एक गोष्ट आपसूक खाली पडली, जिच्यासाठी कोणी शोध घेतला नव्हता. तिन्ही पहाटे पाच-चाळीसला अण्णांनी उघडलेले पहिले पान एकच होते: हळदीच्या वायद्याचा आदल्या दिवशीचा बंद भाव. त्यानंतर निजामाबादची आवक. त्यानंतर इरोडचे दर. त्यानंतर हिंगोली-वसमतकडचा हवामानाचा अंदाज. शेवटी पंचांग. चार वर्षांत त्यांनी एकदाही भावाविषयी तोंड उघडले नव्हते. गेल्या वर्षी मुलाने तेजीच्या आशेने माल धरून ठेवला आणि बाजार पडला, तेव्हाही ते ऐकून घेऊन अंगणात गेले होते. बाजार उतरतो आहे हे त्यांना मुलाच्या आधी, पहाटेच, ठाऊक असले पाहिजे. मुलाने हे जावयांना बोलून दाखवले नाही. यादीची ती पाच ओळींची प्रत मात्र त्याने छापून घेतली व पेढीवरच्या आपल्या खणात ठेवली.

उरलेल्या सत्त्याऐंशी दिवसांचे काय करायचे, हा प्रश्न होता. जावयांनी पेन ड्राइव्ह आईंच्या हाती दिला. मुलाचे म्हणणे, ठेवावा. कधी गरज पडेल. जावयांचे म्हणणे, लॅपटॉप जाळ्याला जोडला की तेथली नोंद आपोआप जाईल, प्रत तेवढी नष्ट करावी. आईंनी तो पेन ड्राइव्ह एका पाकिटात घातला, पाकीट लाखेने बंद केले आणि तिजोरीत जुन्या चोपड्यांच्या शेजारी ठेवले. विम्याचा दावा मिळेपर्यंत तो तेथे राहील, नंतरचे त्या ठरवतील. लॅपटॉप नातवाला अभ्यासासाठी दिला. वायफाय चालू होताच त्याने क्षणार्धात आपले पेव रिकामे केले.

18 नोव्हेंबरची तिसरी, किरकोळ रक्कम सर्वांत शेवटी उलगडली, कारण त्या पानाचा मथळा कोणालाच कळत नव्हता. जावयांना तो कळला. ते एका डोमेनच्या नूतनीकरणाचे पान होते. इंटरनेटवर पेढीच्या नावाची जागा अण्णांनी विकत घेऊन ठेवली होती आणि दर वर्षी तिचे भाडे ते भरीत होते. नूतनीकरण चुकले असते, तर ठरावीक मुदतीनंतर ते नाव दुसऱ्या कोणालाही घेता आले असते. मुलाने तो पत्ता टाकून पाहिला. पिवळ्या पार्श्वभूमीवर पेढीचे नाव, आजोबांच्या काळापासूनचे स्थापनेचे वर्ष, मार्केट यार्डातील गाळ्याचा क्रमांक, आणि खाली सात वर्षांपूर्वी बंद झालेल्या लँडलाइनचा नंबर. एवढेच पान. मुलाने पुढच्या पाच वर्षांचे भाडे भरले आणि नंबर बदलण्यास जावयांना सांगितले.